म्हाताऱ्याच्या पोटातली वाळू

भाऊ गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोन करून कळवलं. "सर, बाबांच्या वहीत तुमचा नंबर 'ताईचा हौद' म्हणून लिहिला होता. म्हटलं, तुम्हाला सांगावं," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी त्या दोन शब्दांपाशीच रेंगाळलो. ताई म्हणजे माझी पत्नी. हौद म्हणजे आमच्या घरामागचा पोहण्याचा तलाव. भाऊंनी त्याला कधी स्विमिंग पूल म्हटलं नाही. ते काम करत त्या बाकीच्या बंगल्यांतले सगळे पूल त्यांच्या लेखी हौदच होते, आणि त्या बंगलेवाल्यांना ते आवडत नसे, हेही त्यांना माहीत होतं.

आमचा हौद चोवीस फूट लांब, बारा फूट रुंद आणि सगळ्यांत खोल जागी माझ्या छातीइतका. चैनीसाठी बांधलेला नव्हता. माझी पत्नी फिजिओथेरपिस्ट होती. जे गुडघे रस्त्यावर चालायला कुरकुरतात ते पाण्यात मुकाट चालतात, असं ती म्हणायची. रोज सकाळी सातला आजूबाजूच्या पाचसहा बायका सलवार-कुडते घालून यायच्या आणि तिच्या तालावर पाण्यातून फेऱ्या मारायच्या. मी त्या वेळी वरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेला असे. कॉलेजात इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पाण्याशी माझा संबंध पिण्यापुरता आणि आंघोळीपुरता.

आणि दर दुसऱ्या शनिवारी भाऊ यायचे, फिल्टर साफ करायला.

बुटके, काटक, पांढऱ्या मिशांचे. जुनी लुना फाटकाशी लावायची, पँट काढून तिची नीट घडी सीटवर ठेवायची आणि खाकी अर्ध्या चड्डीवर आत यायचं, ही त्यांची पद्धत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वरून खिडकी लावून घेतली होती. मोटरच्या खोलीत ते चप्पल घालून जात नसत आणि दुसऱ्या कोणालाही जाऊ देत नसत. खोली कसली, चार बाय पाचचं पत्र्याचं खोपटं. त्यात एक मोटर आणि तिच्या शेजारी कमरेइतक्या उंचीची, गोल पोटाची निळी टाकी. त्या टाकीला भाऊ 'म्हातारा' म्हणत. दसऱ्याला तिला कुंकू लावून वर आपट्याचं पान ठेवत.

म्हाताऱ्याचं काम त्यांनी मला एकदाच समजावून सांगितलं होतं. पोटात वाळू. हौदातलं पाणी वरून आत येतं, वाळूतून झिरपत खाली जातं आणि स्वच्छ होऊन हौदात परत. घाण वाळूत राहते. राहता राहता इतकी साचते की पाण्याला वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि टाकीवरचा काटा चढू लागतो. मग मोटर बंद करायची, टाकीच्या डोक्यावरचा दांडा फिरवायचा आणि मोटर पुन्हा चालू करायची, की पाणी उलटं, खालून वर जातं. वाळू उसळते आणि घाण पाइपातून नालीत. "मोटर चालू असताना दांड्याले हात लावला, तर मी तुमच्या घरी पाणी नाही पिणार," एवढी धमकी त्यांनी त्या दिवशी दिली होती.

हे उलटं पाणी किती वेळ सोडायचं? भाऊ घड्याळ वापरत नसत. त्यांचं गाव नरखेडच्या बाजूला. तिथल्या संत्र्याच्या बागांना ठिबक आलं, तेव्हा त्याचे वाळूचे फिल्टर बसवायला आणि धुवायला ते शिकले, आणि त्याच कामाच्या बळावर पुढे शहरात आले. "बागेचा फिल्टर अन् हौदाचा फिल्टर सख्खे भाऊ आहेत. एक शेतात राहिला, एक शहरात नोकरीले लागला," असं सांगत. तर उलटं पाणी चालू झालं की ते डोळे मिटून एसटीचा रस्ता म्हणायला लागत. नागपूर, फेटरी, कळमेश्वर... मधली लहान गावं, फाटे, कुठल्या तरी पाटलाचं शेत, वडाचं झाड, काटोल, आणि मग पुढे. प्रत्येक थांब्यावर जिभेनं टिंग टिंग. नरखेड आलं की मोटर बंद. त्यानंतर वाळू बसवायला जे थोडं पाणी सोडायचं, ते फक्त काटोलपर्यंत. मधे कोणी बोललं तर बस परत नागपूरहून सुटायची. एकदा माझ्या पत्नीनं चहा घ्या म्हणून हाक मारली, तर ते सावनेरच्या गाडीत चढल्यासारखे भलतीकडेच भरकटले आणि वैतागून म्हणाले, "ताई, उतारू खाली पडले ना वं!"

आणि खरं सांगायचं तर नंतर मी एकदा हातातल्या घड्याळावर पाहिलं. नरखेडला त्यांची गाडी दर वेळी जवळजवळ तितक्याच मिनिटांत पोचत असे.

त्यांचं खरं वैर होतं खोबरेल तेलाशी. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई मागच्या गल्लीतून यायच्या. काठी टेकत आलेल्या, आणि वर्षभरात काठी घरी विसरू लागलेल्या. त्या नवीन असताना भाऊंनी त्यांना फाटकातच अडवलं.

"बाई, वेणी पाहू."

"काहून? लग्न जमवता काय माझं?"

"तेल लावलं आहे तुम्ही."

"लावणारच. डोकं माझं, तेल माझं. तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं?"

"माह्या नाही जी, म्हाताऱ्याच्या दुखते. त्याले तेल पचत नाही. वाळूले चिकटते, मंग वाळूच्या गोळ्या होतात."

बाईंनी आत येऊन माझ्या पत्नीला हळूच विचारलं, "घरात कोणी म्हातारं माणूस आजारी आहे काय?" त्या दिवसापासून न्हाणीघरात शाम्पूची मोठी बाटली आली आणि डोकं धुतल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही, असा नियम झाला. बाई आणि भाऊ यांचं मात्र शेवटपर्यंत असंच चालू राहिलं. दोघांपैकी एक जण शनिवारी आला नाही, तर दुसरा अस्वस्थ असे.

माझ्याशी ते फार बोलत नसत. एकदा पाइपांच्या नकाशाचा जुना कागद शोधायला वर आले आणि पुस्तकांच्या कपाटांसमोर उभे राहिले.

"ही सगळी वाचली, सर?"

"बहुतेक."

"मंग उलटं पाणी कधी मारता?"

मला कळलं नाही. ते गंभीरपणे म्हणाले, "आत घालतच राहिलं अन् बाहेर काहीच काढलं नाही, तर दाब वाढते जी. काटा पाहत जा." आणि कागद घेऊन खाली गेले. मी पत्नीला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की मला थोडा राग आला होता.

पाण्याबद्दल त्यांची काही ठाम मतं होती. क्लोरीनची पावडर किती टाकायची ते ठरवायला थेंबांची बाटली होती त्यांच्याकडे, ती वापरतही, पण शेवटी बोट बुडवून जिभेला लावल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. पाइपातून निघालेलं उलटं पाणी मी एकदा वाया जाऊ नये म्हणून जास्वंदीला सोडू पाहिलं, तर धावत आले. "आजाऱ्याचं उष्टं झाडाले पाजता काय?" आणि कुठलंही पाणी खराब झालं आहे, असं ते कधी म्हणत नसत. "पाणी खराब नसते, सर. थकलेलं असते."

शेवटची दोनेक वर्षं त्यांना कमी दिसू लागलं आणि ते गावी मुलीकडे गेले. तिथूनही शनिवारी फोन यायचा. मी फोन मोटरला लावून धरायचो. ते मिनिटभर ऐकायचे. इथे असताना लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक मोटरवर टेकवून दांडी कानाला लावत, तसंच ऐकत असतील. मग म्हणायचे, "मागचं बेअरिंग बदला जी, घरघर करून राहिलं." मेकॅनिकनं उघडल्यावर मागचंच बेअरिंग गेलेलं निघायचं.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं आहे.

माझी पत्नी चैत्रात गेली. तीन आठवड्यांचं आजारपण. पुढच्या शनिवारी भाऊ आले तेव्हा मी त्यांना फाटकातच म्हणालो, "आता कोणी उतरणार नाही. मोटर मी बंद केली आहे. तुम्ही येऊ नका." ते "बरं" म्हणाले. पँट काढली नव्हती, तशीच लुना वळवली. पंधरा दिवसांनी परत लुनाचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं, तर भाऊ बाहेर कुंपणाच्या भिंतीशी टाचा उंच करून उभे होते. आत डोकावले, दोनदा नाक ओढून वास घेतला आणि निघून गेले. पुढेही दर दुसऱ्या शनिवारी तेच. मी खाली गेलो नाही.

पाणी आधी फिकट झालं, मग हिरवं, मग पावसाळ्यात शेवाळाच्या दाट रंगाचं. पोस्टातल्या बाई आठवड्यातून एकदा फाटकाशी थांबायच्या. "सर, पाणी कसं आहे?" मी म्हणायचो, "बघू." एका सकाळी मी पाहिलं की त्यांच्या हातात काठी परत आली आहे. मला दिवसभर वाचता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी किराणा दुकानातून पाच किलो तुरटी आणली. माझी आई गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा फिरवायची, तासाभरात पाणी नितळ. मी ते खडे जुन्या धोतरात बांधले, मोटर चालू केली आणि दोरीनं ते गाठोडं हौदाच्या काठाकाठानं ओढत फिरलो. दोन दिवसांनी काटा तांबड्यावर गेला, पाणी होतं तसंच हिरवं, आणि मोटर विव्हळल्यासारखा आवाज करू लागली. मी बटण बंद केलं आणि कोणाला काही बोललो नाही.

मग एका गुरुवारी महापालिकेचा तरुण कर्मचारी डासांची पाहणी करत आला. त्यानं पळीनं पाणी काढलं. पळीत अळ्या वळवळत होत्या. "काका, ही तर डासांची शाळा उघडली तुम्ही," तो म्हणाला. घरोघरी तापाचे रुग्ण होते, त्याचं काही चुकलं नव्हतं. आठ दिवसांत पाणी तळ दिसेल इतकं साफ करा, नाहीतर हौद बुजवून टाका, असं सांगून त्यानं कागदावर माझी सही घेतली. मला सुटल्यासारखं वाटलं. कोणीतरी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ट्रॅक्टरभर मुरूम मागवला.

शनिवारी भाऊ आले. फाटकाशी मुरमाचा ढीग पाहून थांबले. या वेळी मी खाली गेलो.

"हा मुरूम कशाले जी?"

मी सांगितलं.

"किती दिवस दिले त्या साहेबानं?"

"आठ. दोन गेले."

"मंग सहा आहेत ना. मुरूम काय पळून जाते?"

मी म्हणालो, "भाऊ, मला पोहतासुद्धा येत नाही. मी हे कोणासाठी करू?"

"मले तरी कुठं येते?" ते म्हणाले. अकरा वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मग ढिगाकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "बुजवायचाच असंन तर बुजवा. पण म्हाताऱ्याले धुवून तर घेऊ. मेल्या माणसालेही आपण आंघोळ घातल्याशिवाय नेत नाही."

त्यांनी पँट काढून सीटवर ठेवली.

टाकीचं डोकं उघडून त्यांनी आत हात घातला आणि तसेच थांबले. मग भाकरीएवढा एक पांढुरका, कडक तुकडा बाहेर काढून माझ्यापुढे धरला. वाळूची चिक्की झाली होती.

"सर, एक विचारू? रागवू नका. तुरटी टाकली काय?"

"हो."

"किती?"

"पाच किलो."

"पाच किलो!" ते मटकन खाली बसले. "नागपूरभर दाढी करायची होती काय?" आणि मग हसू लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसलो. चैत्रानंतर पहिल्यांदा. हसू ओसरल्यावर त्यांनी समजावलं. हंड्यात तुरटीनं गाळ तळाशी बसतो आणि आपण वरचं पाणी अलगद घेतो. मी मोटर चालू ठेवली होती. तिनं तो सगळा चिकट गाळ उचलून म्हाताऱ्याच्या पोटात भरला. "आईनं शिकवलं ते बरोबर होतं, सर. तुमच्या आईच्या हंड्याले मोटर नव्हती."

आता नवी वाळू आणू, असं मी म्हणालो. ते त्यांना पटलं नाही. "वाळूनं काय बिघडवलं कोणाचं?" तीन पोती वाळू आम्ही घमेल्याघमेल्यानं बाहेर काढली आणि नळाखाली धुतली. ते गठ्ठे हातानं फोडायचे, मी तांदूळ धुतात तशी चोळून पाणी ओतायचो. शनिवारची संध्याकाळ आणि अख्खा रविवार. माझ्या बोटांची सालं निघाली. मधेच त्यांनी वर न पाहता विचारलं, "ताई शेवटी काही बोलल्या?"

"आज शनिवार आहे का, असं विचारलं होतं. का विचारलं, ते मला तेव्हा कळलं नाही."

धुऊन झालेलं एक घमेलं भाऊंनी ओढून घेतलं आणि परत पहिल्यापासून धुतलं.

वाळू भरतानाही त्यांची रीत होती. आधी टाकीत अर्ध्यापर्यंत पाणी, म्हणजे तळातल्या नळ्या वाळूच्या वजनानं मोडायच्या नाहीत. मधल्या पाइपाच्या तोंडाला पिशवी बांधायची, म्हणजे एक कणही आत जायचा नाही. सोमवारी सकाळी मोटर सुरू झाली. त्यांनी पेचकस कानाला लावला आणि मान डोलावली. पावडर टाकली, भिंती घासल्या. पहिलं उलटं पाणी मला सोडायला लावलं. "म्हणा, सर. नागपूर."

मला मधली गावं येत नव्हती. ते पुढे सांगायचे, मी मागून म्हणायचो. नालीत जाणारं पाणी हिरवं होतं, मग मातकट, नरखेडच्या आधी पांढरं झालं.

त्या आठवड्यात ते रोज दोनदा आले. मंगळवारी हौद नुसता दुधाळ होता. बुधवारी पायऱ्यांशी काहीतरी काळं दिसलं. वाकून पाहिलं तर आकडा होता. एक. मग दोन. हौद बांधला तेव्हा पाणी भरण्याआधी माझी पत्नी डोक्याला ओढणी गुंडाळून उन्हात बसली होती आणि तळाच्या फरशांवर एक ते वीस आकडे काळ्या रंगानं तिनं स्वतः रंगवले होते. बायकांनी त्यांवर पावलं टाकत उथळ बाजूकडून खोल बाजूला जायचं. हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. तिच्या पाचाची शेपटी फार लांब ओढलेली असे. बुधवारी संध्याकाळी तो पाच दिसला आणि मला काठावर बसावं लागलं.

त्यानंतर भाऊ आत आले की एवढंच विचारायचे, "कितीपर्यंत आलं?" गुरुवारी सकाळी नऊ. संध्याकाळी तेरा.

शुक्रवारी, आठव्या दिवशी, मी सतरापर्यंत वाचू शकत होतो आणि तो कर्मचारी आला. पळीत अळी नव्हती. पण तो नियमाचा माणूस होता. "तळ पूर्ण दिसला पाहिजे, काका. तिकडे कोपऱ्यात काय आहे?"

"वीस आहे," भाऊ म्हणाले.

"मला नाही दिसत."

"उजेड चमकते, साहेब. वरून नाही दिसणार. उतरून पाहा."

कर्मचाऱ्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "मी नाही उतरत बापा. सर उतरतात."

पायजम्यावरच मी पायऱ्या उतरलो. पाणी गार होतं आणि अपेक्षेपेक्षा जड. मी कठडा सोडला. एकावर पाय ठेवला, मग दोनावर. लांब शेपटीच्या पाचावर थोडा थांबलो. बारापाशी पाणी पोटाशी आलं. सतरा ओलांडला, अठरा, एकोणीस. मान खाली घालून पाहिलं. माझ्या दोन्ही पावलांच्या मधे, हलणाऱ्या उजेडात, तिच्या हातचा आकडा स्वच्छ होता.

"वीस," मी म्हणालो. फार मोठ्यानं म्हणालो असेन, कारण कर्मचारी दचकला. त्यानं कागदावर शेरा लिहिला, फाटकाशी थांबून त्या मुरमाचं काय करणार विचारलं, आणि गल्लीतले खड्डे बुजवा असं सुचवून गेला. ते आम्ही नंतर केलंही.

मी मात्र बाहेर आलो नाही. भाऊंनीही हाक मारली नाही; ते खोपट्याकडे तोंड करून काहीतरी पुसत राहिले. मी वळलो आणि मोजत मोजत परत यायला लागलो. दहापाशी असताना फाटकातून आवाज आला.

"हे काय चालणं आहे, सर? वरातीत निघाल्यासारखं!"

पोस्टातल्या बाई होत्या. काठीवर रेलून किती वेळ पाहत होत्या कोण जाणे.

"हात पाण्याखाली घ्या. टाच आधी टेकवा. अन् खाली काय पाहता, समोर पाहा. ताई असत्या तर परत एकापासून चालायला लावलं असतं."

"परत एकापासून?"

"मंग काय तर!" त्यांनी काठी भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि कठडा धरून पहिली पायरी उतरल्या. "मी मोजते. तुम्ही नुसतं चाला."

मी पायऱ्यांपाशी गेलो आणि एकावर जाऊन उभा राहिलो.